वडिलांनी फाडलेली चिठ्ठी

राजकोटच्या शाळेची शेवटची घंटा झाली, की एक बारकासा मुलगा पुस्तके काखोटीला मारून घराकडे धूम ठोकत असे. त्याला खेळायची घाई नसे, की भूक लागलेली नसे. वाटेत कुणी आपल्याशी बोलेल, बोलता बोलता आपली थट्टा करील, एवढीच धास्ती. सकाळीही तो बरोबर घंटेच्या ठोक्याला शाळेत पोचे. आधी गेले तर मुलांत उभे राहावे लागणार! वर्गात हुशार म्हणून त्याचे नाव नव्हते आणि वांड म्हणूनही नव्हते. कुणाच्या नजरेत भरू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

या मुलाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. पुढे साऱ्या जगाची नजर ज्याच्यावर खिळली, त्या माणसाचे कुमारवय असे नजरा चुकवण्यात गेले. गांधीजींच्या चरित्रातले सत्याग्रह, उपोषणे, दांडीयात्रा आपल्याला शाळेपासून पाठ असतात. पण बारा ते सोळा या वयातला मोहन आपल्या घरातल्या मुलांना फार जवळचा आहे. त्याने चोरून सिगारेटी ओढल्या, नोकराचे पैसे उचलले, मित्राच्या नादी लागून घरात निषिद्ध असलेले मांस खाल्ले, आईशी खोटे बोलला, जीव द्यायला निघाला आणि भावाच्या दंडातल्या कड्याचे सोने चोरले. एवढे सगळे करून तो सुटला कसा, हा प्रश्न ज्यांच्या घरात त्या वयाचे मूल आहे त्यांनी विचारण्यासारखा आहे. आणि पुढे त्याच मोहनदासाचा थोरला मुलगा मात्र का सुटला नाही, हा त्याला जोडूनच येणारा दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे.

दिवाणांचा मुलगा

मोहनचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडील करमचंद ऊर्फ काबा गांधी तिथले दिवाण. माणूस सचोटीचा, निर्भीड, पण तापट. आई पुतळीबाई ही त्यांची चौथी पत्नी. व्रते, उपास, देवदर्शन यांत रमलेली. मोहन सात वर्षांचा असताना कुटुंब राजकोटला आले. तेराव्या वर्षी त्याचे लग्न झाले. एकाच मांडवात तीन लग्ने उरकली: मोहनचे, त्याचा मधला भाऊ करसनदासचे आणि एका चुलतभावाचे. लग्नापायी शाळेचे एक वर्ष बुडाले. कस्तुरबाई त्याच्याच वयाची. घरात मात्र हा तेरा वर्षांचा नवरा तिच्यावर हक्क गाजवू लागला. आपल्याला विचारल्याशिवाय तिने देवळातही जाऊ नये, असा त्याचा हेका आणि तिचा तितकाच ठाम नकार. यावरून दोघांत अबोला होई.

या काळातली एक लहानशी हकिगत आहे. शाळेचे पारशी हेडमास्तर दोराबजी एदलजी गिमी यांनी वरच्या वर्गांना व्यायाम आणि क्रिकेट सक्तीचे केले. मोहनला दोन्ही नकोसे. एका शनिवारी सकाळची शाळा होती आणि चार वाजता व्यायामाला परत यायचे होते. घरी आजारी वडिलांची शुश्रूषा चाललेली, जवळ घड्याळ नाही आणि आभाळ भरून आलेले. वेळेचा अंदाज चुकला. मोहन पोचला तेव्हा सगळी मुले घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याने खरे कारण सांगितले. हेडमास्तरांना ते पटले नाही आणि आणा-दोन आणे दंड झाला. मोहन ढसाढसा रडला. रडू पैशांचे नव्हतेच. आपण खोटारडे ठरलो, सगळ्यांच्या डोळ्यांत तसे दिसत असणार, या कल्पनेने तो कासावीस झाला.

कल्पनेतले प्रेक्षक

आपल्याकडे अशा मुलाला मुखदुर्बळ म्हणतात, नाही तर नको इतका हळवा म्हणतात आणि विषय संपवतात. मानसशास्त्राने या वयाकडे स्वतंत्रपणे पाहायला सुरुवात केली, तीच मुळी विसाव्या शतकात. अमेरिकेतल्या स्टॅन्ली हॉल यांचा पौगंडावस्थेवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला १९०४ साली; तेव्हा गांधीजी पस्तिशीला पोचले होते. पुढे स्वित्झर्लंडच्या झां पियाजे यांनी मुलांची विचारशक्ती टप्प्याटप्प्याने कशी वाढते ते मांडले. त्याच धाग्यावर डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये एक निबंध लिहिला. पौगंडावस्थेतल्या आत्मकेंद्रिततेविषयीचा तो निबंध आजही या विषयातला मैलाचा दगड मानला जातो.

एल्काइंड यांचे म्हणणे थोडक्यात असे. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलाला एक नवी शक्ती येते: दुसरा काय विचार करत असेल, याचा विचार तो करू लागतो. पण त्याच सुमारास आवाज फुटत असतो, अंग बदलत असते, आणि त्याचे स्वतःचे सारे लक्ष स्वतःवरच खिळलेले असते. मग एक गफलत होते. ज्या गोष्टीने आपले मन व्यापले आहे, तीच गोष्ट दुसऱ्यांच्याही मनात आहे, असे तो धरून चालतो. नाकावरची एक पुटकुळी साऱ्या गावाला दिसते आहे, असे वाटते. याला एल्काइंड यांनी काल्पनिक प्रेक्षक असे नाव दिले. मूल जणू सतत रंगमंचावर असते आणि समोरचे नाट्यगृह कायम भरलेले असते. घराकडे धावत सुटलेल्या मोहनच्या मागे हेच नाट्यगृह लागलेले होते.

त्याच निबंधात दुसरी एक कल्पना आहे. एवढे सगळे लोक आपल्याकडे पाहताहेत म्हणजे आपण कुणीतरी खास असलो पाहिजे, असेही मुलाला वाटते. आपल्यासारखे दुःख कुणाला नाही, आपल्यासारखे प्रेम कुणी केले नाही, आणि दुसऱ्यांना होतो तो अपघात आपल्याला होणार नाही. ही प्रत्येकाने स्वतःपुरती रचलेली दंतकथा. एकच मूल लोकांच्या नजरेला घाबरते आणि जिवावरच्या धोक्याला मात्र घाबरत नाही, हे कोडे या दोन कल्पना शेजारी ठेवल्या म्हणजे थोडे सुटते.

मोहनची दंतकथा दुहेरी होती. लहानपणी त्याने हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि त्याने तो झपाटला. मनातल्या मनात तो कितीदा हरिश्चंद्र झाला, याला गणती नव्हती. सत्यासाठी राज्य सोडणारा, वनवास भोगणारा तो राजा म्हणजे आपणच! पण त्याच मुलाला अंधाराची भीती वाटे. भुते, चोर, साप यांच्या धास्तीने दिव्याशिवाय झोप येत नसे. शेजारी झोपलेल्या कस्तुरबाईला मात्र असले काही भय नव्हते आणि हे तिला कळू नये, याची त्याला शरम. हरिश्चंद्र व्हायचे होते आणि अंधारात उठून पाणी पिण्याची हिंमत नव्हती. या दोहोंमधल्या फटीत मित्र शिरला.

मित्राच्या संगतीने

हा मित्र शेख मेहताब. मूळचा करसनदासचा सोबती. उंच, धट्टाकट्टा, पळण्यात आणि उड्या मारण्यात पटाईत. आपण जिवंत साप हातात धरतो, चोरांना भीत नाही, भुते मानत नाही, आणि हे सगळे मांस खाल्ल्यामुळे, असे तो सांगे. इंग्रज मांस खातात म्हणून मूठभर असून आपल्यावर राज्य करतात, हा समज तेव्हा काठियावाडच्या शाळकरी मुलांत पसरलेलाच होता. मोहनला ते पटले. यात केवळ चवीचा मोह नव्हता. आपण बलवान व्हायचे, देश स्वतंत्र करायचा, अशी भव्य कथा त्याला जोडलेली होती.

नदीकाठची एकांताची जागा ठरली. पाव आणि बोकडाचे मटण. मांस चामड्यासारखे चिवट लागले, घशाखाली उतरेना. त्या रात्री मोहनला झोप लागली नाही. पोटात जिवंत बकरे ओरडते आहे, असे भास होत राहिले. तरीही प्रकरण थांबले नाही. पुढे जेवणाची ऐसपैस व्यवस्था झाली. वर्षभरात अशी पाच-सहा जेवणे झाली. प्रत्येक वेळी घरी आल्यावर आईला भूक नसल्याचे सांगावे लागे. ते खोटे बोलणे जेव्हा मांसापेक्षा जड झाले, तेव्हाच ते सुटले. आईवडील हयात असेपर्यंत मांस खायचे नाही, असा निश्चय मोहनने केला. याच मित्राने त्याला एकदा वेश्येच्या घरीही नेले. तिथे हा मुलगा तोंड मिटून बसून राहिला आणि तिने त्याला हाकलून दिले. ज्या भिडस्तपणाचा त्याला तिटकारा होता, त्यानेच त्या दिवशी त्याला वाचवले.

आई, थोरला भाऊ आणि कस्तुरबाई या तिघांनी या मित्रापासून सावध राहायला सांगितले होते. मोहनचे उत्तर तयार होते. आपण बिघडणार नाही, उलट आपण त्याला सुधारू. स्वतःपुरत्या दंतकथेचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

सोबतीच्या या ओढीचा अभ्यास अलीकडे प्रयोगशाळेत झाला आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी २००५ मध्ये ३०६ जणांना संगणकावर मोटार चालवण्याचा एक खेळ खेळायला दिला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की पुढे दामटायचे, एवढाच प्रश्न. दोस्त शेजारी उभे असताना तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी एकटे असतानाच्या जवळजवळ दुप्पट धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्या माणसांत मात्र शेजारी कुणी असण्या-नसण्याने फरक पडला नाही. मुलांना धोका कळत नाही, असे नव्हे. तो कळत असूनही पाहणारे डोळे अधिक वजनदार ठरतात. दंतकथेमुळे धोका दिसतच नाही, हे एल्काइंड यांचे म्हणणे नंतरच्या अभ्यासकांनी तेवढ्यापुरते दुरुस्त केले आहे.

धोतऱ्याच्या बिया

सिगारेटीची गोष्ट याच्याही आधीची, बारा-तेरा वर्षांच्या वयातली. काकांनी फेकलेली थोटके एका नातलग मुलाबरोबर ओढायला सुरुवात झाली. थोटके पुरेनात, तेव्हा नोकराच्या खिशातले पैसे उचलणे आले. पण दुखणे निराळेच होते. प्रत्येक गोष्ट वडीलधाऱ्यांना विचारून करावी लागते, ही पराधीनता त्या दोघांना असह्य झाली. कारण एवढेसे, पण त्या वयात ते केवढे वाटते! दोघांनी मरायचे ठरवले. रानातून धोतऱ्याच्या बिया आणल्या. संध्याकाळी केदारजीच्या देवळात गेले, दिव्यात तूप घातले, दर्शन घेतले आणि एकांतातला कोपरा गाठला. तिथे धीर सुटला. लगेच मरण आले नाही तर? आणि मरून तरी काय मिळणार? दोन-तीन बिया गिळल्या, पुढे हात जाईना. मग रामजीच्या देवळात जाऊन मन शांत केले आणि दोघे घरी परतले.

त्या रात्री काबा गांधींच्या घरात कुणाला काही कळले नाही. एका समंजस, धार्मिक, माणसांनी भरलेल्या घरातला मुलगा मरणाच्या दारातून परत येऊन पानावर बसला आणि घराला त्याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट वाचताना आजच्या आईबापांच्या पोटात खड्डा पडावा. मुलांवर आपले लक्ष आहे, असे आपण समजतो. ते किती अपुरे असू शकते!

लाकडी फळीवरचे वडील

पंधराव्या वर्षी मोठी चोरी झाली. मांस खाणाऱ्या भावावर पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते. त्याच्या दंडात भरीव सोन्याचे कडे होते. मोहनने त्यातले थोडे सोने कापून काढले, कर्ज फिटले. कुणाला कळण्याचे कारण नव्हते. पण या वेळी ते त्याला पेलेना. पुन्हा चोरी करायची नाही एवढे ठरवून भागेना. सांगितल्याशिवाय सुटका नाही, असे वाटू लागले. मार बसेल, ही भीती नव्हती. वडिलांनी मुलांवर हात टाकल्याचे त्याला आठवत नव्हते. भीती होती ती त्यांना होणाऱ्या यातनेची. तोंडाने सांगण्याचे धैर्य नव्हते, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. गुन्हा कबूल केला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याचे वचन दिले आणि वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये, अशी विनवणी केली.

काबा गांधी तेव्हा भगंदराने अंथरुणाला खिळले होते. अंथरूण म्हणजे एक साधी लाकडी फळी. मोहनने थरथरत्या हाताने चिठ्ठी दिली आणि समोर बसून राहिला. वडील उठून बसले. वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, कागद भिजला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. एक शब्द नाही. तापट म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस कपाळ बडवून घेईल, कठोर बोलेल, अशी मुलाची अटकळ होती. तसे काहीही घडले नाही. मोहनही रडला.

हा प्रसंग क्षमेची गोष्ट म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. पण त्यातल्या दोन बारीक गोष्टी नजरेतून निसटू नयेत. एक म्हणजे मुलगा बोलू शकला, त्याआधीची पायवाट. मोहन रोज वडिलांचे औषधपाणी करी, जखम बांधी, रात्री पाय चेपी; झोप लागेपर्यंत उठत नसे. बोलणे थोडे असले, तरी रोजचा स्पर्श होता. चिठ्ठी देणारा हात त्या पायांना ओळखीचा होता.

स्वीडनमधल्या होकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या संशोधकांनी २००० साली चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले बाहेर काय करतात याची ज्या आईबापांना चांगली माहिती असते, त्यांची मुले कमी भरकटतात, हे आधीपासून माहीत होते. त्यावरून मुलांवर पाळत ठेवा, असा सल्ला दिला जाई. या दोघांनी विचारले, की ही माहिती आईबापांपर्यंत येते कोठून? तर ती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्याने येते. खोदून विचारल्याने किंवा पहारा ठेवल्याने त्या मानाने थोडी. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. तरीही त्यातला मुद्दा राजकोटच्या त्या खोलीत कुणालाही पटला असता.

दुसरी गोष्ट फाडलेल्या कागदाची. ज्या वयात सारे जग आपल्याकडे पाहते आहे असे वाटते, त्या वयातल्या मुलाचा गुन्हा वडिलांनी पाहिला आणि त्याचा पुरावा नाहीसा केला. भावाला बोलावले नाही, घरात चर्चा नाही, पुढे टोमणा मारायला कागद जपून ठेवला नाही. कल्पनेतले भरगच्च नाट्यगृह त्यांनी रिकामे केले. उरला एकच प्रेक्षक, आणि तोही रडणारा.

यानंतर फार काळ गेला नाही. १८८५ मध्ये काबा गांधी वारले. त्या रात्री साडेदहा-अकराला काकांनी मोहनला विश्रांतीसाठी पाठवले, तो कस्तुरबाईच्या खोलीत गेला आणि पाच-सहा मिनिटांत नोकराने दार ठोठावले. शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही खंत गांधीजींना जन्मभर पुरली.

मुंबईच्या कोर्टात

पौगंडावस्था वाढदिवसाच्या तारखेला संपत नाही. १८८८ मध्ये मोहनदास बॅरिस्टर व्हायला विलायतेस निघाला. शाळेतल्या निरोप समारंभात चार ओळी वाचतानाही त्याचे अंग कापत होते. लंडनमध्ये त्याने उंच हॅट घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाख शिवला, रोज दहा मिनिटे आरशासमोर टाय आणि भांग नीट करण्यात घालवली. नाचाचे, व्हायोलिनचे, वक्तृत्वाचे धडे सुरू केले. तीन महिन्यांत हे वेड ओसरले. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर तो निवडला गेला, पण सभेत बोलायची वेळ आली की लिहून आणलेले दुसऱ्याला वाचावे लागे.

बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ममीबाई नावाच्या बाईंचा दावा मिळाला. फी तीस रुपये. उलटतपासणीला तो उभा राहिला आणि डोके गरगरू लागले. कोर्ट फिरते आहे असे वाटले. मटकन खाली बसून त्याने दलालाला दुसरा वकील बघायला सांगितले. आपल्या मुलाच्या पाठांतर स्पर्धेत त्याची जीभ टाळूला चिकटली म्हणून जे पालक हवालदिल होतात, त्यांनी हा बावीस-तेवीस वर्षांचा बॅरिस्टर आठवावा.

पुढे दक्षिण आफ्रिकेत जीभ सुटली. १८९३ मध्ये प्रिटोरियाला हिंदी व्यापाऱ्यांपुढे केलेले भाषण हे त्याचे पहिले जमलेले भाषण. बोलणे आता स्वतःविषयी उरले नव्हते, समोरच्यांच्या अपमानाविषयी होते. भीती मात्र पुरती गेली नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, तेव्हा आवाज पुन्हा उमटेना आणि भाषण दिनशा वाच्छांना वाचून दाखवावे लागले.

दुसरी चिठ्ठी

इथे गोष्ट संपवता आली असती तर सोयीचे झाले असते. पण गांधीजी स्वतः चार मुलांचे वडील झाले. थोरला हरिलाल १८८८ मध्ये जन्मला, तेव्हा वडील अवघे अठरा वर्षांचे होते आणि विलायतेच्या वाटेवर. हरिलाल पंधरा वर्षांचा झाला तेव्हा वडील आफ्रिकेत आणि तो हिंदुस्थानात. ज्या वयात मोहन वडिलांचे पाय चेपत होता, त्या वयात हरिलालच्या वाट्याला पत्रे आली.

पुढे तो आफ्रिकेत गेला, सत्याग्रहात पुन्हा पुन्हा तुरुंग भोगला, लोक त्याला छोटे गांधी म्हणू लागले. त्याला हवे होते शिक्षण. वडिलांसारखे विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचे होते. गांधीजींचा शाळा-कॉलेजांवरचा विश्वास तोवर उडाला होता. विलायतेच्या शिष्यवृत्तीची संधी आली, ती दुसऱ्या तरुणांना मिळाली. १९११ मध्ये हरिलाल घर सोडून निघून गेला. १९१५ मध्ये त्यानेही वडिलांना पत्र लिहिले. ते कबुलीचे नव्हते, तक्रारीचे होते. आणि त्याने ते छापले. वडिलांच्या हातात गुपचूप ठेवण्याइतकी वाट मधे राहिली नव्हती.

या वयातल्या मुलांशी वागताना गांधीजींचा हात कठोर पडे. टॉलस्टॉय फार्मवर काही मुलांनी मुलींची थट्टा केली, तेव्हा त्यांनी मुलींचे लांब केस स्वतःच्या हाताने कापले. उद्देश मुलींच्या रक्षणाचा, पण शिक्षेची खूण मात्र मुलींच्या डोक्यावर. फिनिक्समध्ये दोघा आश्रमवासीयांच्या हातून नैतिक चूक झाली, तेव्हा त्यांनी सात दिवस उपास केला आणि साडेचार महिने एकवेळ जेवले. पंधराव्या वर्षी वडिलांना त्यांनी विनवले होते, की माझ्या गुन्ह्यासाठी स्वतःला शिक्षा करून घेऊ नका. वडील झाल्यावर त्यांनी नेमके तेच केले.

हरिलालच्या पायाखालची वाट निसटत गेली. १९१८ च्या साथीत पत्नी गेली, दारू जडली, कर्जे झाली. १९२५ मध्ये त्याचे नाव जोडलेल्या एका कंपनीबद्दल गांधीजींनी आपल्या साप्ताहिकात खुलासा केला. १९३६ मध्ये त्याने काही महिन्यांपुरते धर्मांतर केले, तेव्हाही जाहीर निवेदन काढले. देशाच्या नेत्याला मुलाच्या व्यवहारांपासून आपण वेगळे आहोत हे सांगणे भाग होते, हे खरे. पण काबा गांधींनी जो कागद फाडला, तसाच कागद या घरात छापखान्यात गेला, हेही खरे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १८ जूनला, हरिलाल मुंबईत क्षयाने वारला. ही व्यथा मराठी प्रेक्षकांनी नव्वदच्या दशकात 'गांधी विरुद्ध गांधी' या अजित दळवींच्या नाटकात पाहिली आहे.

हरिलालचे सारे दुःख वडिलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चाळिशी-पन्नाशीतला माणूस आपल्या पावलांना स्वतःही जबाबदार असतो. गांधीजींनी आपला वाटा नाकारला नाही. या मुलाच्या वागण्यात आपल्याच तरुणपणाच्या असंयमाचे पडसाद आहेत, असे त्यांनी मान्य केले. तरुण मनाचे अभ्यासक एरिक एरिक्सन स्वतः आपल्या जन्मदात्याला न ओळखता वाढलेले होते. १९६९ मध्ये गांधीजींवर ग्रंथ लिहिताना ते मधेच थांबले आणि त्यांनी दिवंगत गांधीजींनाच उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ज्यांच्या अहिंसेपुढे ते नतमस्तक होते, त्यांच्या घरातल्या माणसांवर झालेल्या सक्तीची तक्रार त्यात होती.

उरलेली आठवण

१९२५ मध्ये 'नवजीवन'मधून गांधीजींची आत्मकथा क्रमाने येऊ लागली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी सिगारेटी, मांस, धोतऱ्याच्या बिया, कड्याचे सोने हे सगळे आठवड्यामागून आठवड्याला देशासमोर ठेवले. थट्टेच्या भीतीने घराकडे पळणारा मुलगा आता खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांसमोर उभा होता आणि त्याचे पाय कापत नव्हते. हे बळ त्याला जगाने दिले असेल, साधनेने दिले असेल. पण आपली सगळ्यात वाईट गोष्ट सांगूनही प्रेम टिकते, हा पहिला अनुभव त्याला लाकडी फळीवरच्या एका आजारी माणसाने दिला होता.

स्वतःचे दोष चव्हाट्यावर मांडायला धैर्य लागते. मुलाचे दोष झाकून ठेवायला बहुधा त्याहून अधिक लागते. शेजारी, नातलग, शाळेतले इतर पालक यांच्यासमोर आपल्या मुलाच्या चुका चघळताना किंवा घरातल्या बैठकीत त्याला उभे करून जाब विचारताना, त्याच्या मनातल्या नाट्यगृहात आपण आणखी खुर्च्या मांडत असतो. मग पुढची चिठ्ठी आपल्याकडे येत नाही. ती शेख मेहताबकडे जाते.

गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड आहेत. त्यात जगभरच्या माणसांना लिहिलेली हजारो पत्रे आहेत. १८८४ च्या सुमारास लिहिलेल्या त्या कबुलीजबाबाची नोंद पहिल्याच खंडात, अगदी सुरुवातीला आहे. पण ती केवळ आठवण म्हणून. मूळ चिठ्ठी कुठल्याही संग्रहालयात नाही. काबा गांधींनी तिचे तुकडे केले होते.